निवळायला लागणारा वेळ

गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी किंवा निवळीचे बी उगाळून घालावे आणि मग भांडे हलवू नये, हे आपल्याकडे मुद्दाम शिकवावे लागत नाही. घरी केलेली बिअर गढूळ निघाली तर काय करावे, हा प्रश्न मला पडला तो मी इंग्लंडात राहायला आल्यावर. इथे १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द झाला आणि गॅरेजात पिंप ठेवून आपल्यापुरती बिअर करणे हा साधा छंद झाला. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणे गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेले बरे!)

गढूळपणाची मुख्य कारणे तीन. पहिले, तरंगणारे यीस्ट. दुसरे, माल्टमधले साखर न झालेले पिष्ट; थेंबभर आयोडिन टाकले की ते निळे-काळे होऊन चुगली करते. तिसरे मोठे गमतीदार. बाटली फ्रिजमध्ये ठेवली की बिअर धुरकट होते आणि बाहेर काढून ठेवली की पुन्हा नितळ! धान्यातली प्रथिने आणि टॅनिनसारखी द्रव्ये थंडीत एकमेकांना धरतात, उबेत सुटतात. यावर उपाय उकळतानाच करायचा. शेवटच्या पंधरा मिनिटांत चिमूटभर ‘आयरिश मॉस’ हे समुद्रशेवाळ घातले की प्रथिनांचे गोळे होऊन ती तळाशी बसतात.

यीस्टवरचा जुना इंग्रजी उपाय मात्र ‘आयझिंग्लास’. म्हणजे माशाच्या पोटातली वाळवलेली हवेची पिशवी! तिच्यातल्या कोलॅजेनवर धन विद्युतभार असतो, यीस्टवर ऋण. दोघे चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. आपल्या कोळीबांधवांना ही पिशवी परकी नाही. घोळ माशाच्या पोटातला ‘बोत’ तो हाच. २०२१ साली पालघरच्या एका मच्छीमाराला घोळीच्या एका खेपेचे सव्वा कोटीहून अधिक रुपये मिळाल्याची बातमी गाजली होती. ती किंमत मुख्यतः या बोताची.

माझ्याकडे रविवारी जमणाऱ्या मंडळींत दोघे कट्टर शाकाहारी आहेत. बिअर म्हणजे धान्य, हॉप, यीस्ट आणि पाणी, या समजुतीने ते पेला उचलतात. मासा तळाशी राहतो, पेल्यात फारसा येत नाही, हा युक्तिवाद मला पाहुण्यापुढे करवत नाही. ज्याने आपल्यावर विश्वासून पेला तोंडाला लावला, त्याच्या नियमांचा अर्थ आपण कोण लावणार? जिलेटिननेही बिअर निवळते, पण तेही प्राण्याचेच. गिनेससारख्या कंपनीनेही २०१५ साली माशाचा वापर थांबवण्याचे जाहीर केले.

आणि नितळपणाचा हा सोस तरी किती जुना? कथलाच्या किंवा मातीच्या चंबूत तळ कुणाला दिसत होता? १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली, काचेचे पेले स्वस्त झाले आणि जीभ राहिली बाजूला, परीक्षा डोळ्यांकडे गेली. जर्मनांची गव्हाची बिअर तर आजही गढूळच मिरवते.

म्हणून मी पिंप थंड कोपऱ्यात ठेवतो आणि चार-सहा आठवडे त्याला हात लावत नाही. यीस्ट आपणहून खाली बसते. ओतताना बाटली एकदाच, सावकाश तिरपी करायची आणि तळाचे बोटभर सोडून द्यायचे. एवढे करून थोडी धूसर राहिलीच, तर ती का राहिली ते पाहुण्याला सांगता येते. माशाचे सांगणे जास्त अवघड गेले असते.