‘केवळ जपानी’ : परकीयांचे वर्तन आणि रात्रीच्या करमणुकीतील प्रवेशबंदी

परदेशी राहणाऱ्या मनुष्यास यजमान समाजाचा दिवसा येणारा अनुभव आणि रात्री येणारा अनुभव यांत पुष्कळदा अंतर असते. कचेरी, विद्यापीठ, बँक, आगगाडी या ठिकाणचा व्यवहार नियमांनी बांधलेला असतो. तेथे परकीयाविषयी मनात काहीही असले तरी त्याचे काम करून द्यावेच लागते. रात्रीच्या मद्यगृहाची किंवा नृत्यगृहाची गोष्ट निराळी. त्याला आत घ्यावयाचे की नाही हे दारातील एक मनुष्य काही क्षणांत ठरवितो, आणि त्याचे कारण सांगण्यास तो बांधलेला नसतो. म्हणूनच करमणुकीचा हा विषय वरवर क्षुल्लक वाटला तरी भेदभावाच्या अभ्यासकाने तो बाजूस सारणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखात जपानचे उदाहरण घेतले आहे, कारण प्रवेशबंदीचे कारण म्हणून परकीयांचे वर्तन तेथे जितके उघडपणे पुढे केले गेले तितके अन्यत्र क्वचितच केले गेले असेल.

हे कारण सर्वस्वी काल्पनिक आहे असे मानणे अन्यायाचे होईल. जपानी नगरांतील छोटी मद्यगृहे आपल्या कल्पनेतील बारपेक्षा फार वेगळी असतात. तोक्योच्या शिंजुकू भागातील गोल्डन गाई या गल्लीत अशी कित्येक मद्यगृहे आहेत की ज्यांत आठदहा माणसे बसली म्हणजे जागा भरली. ‘सुनाक्कु’ नावाच्या प्रकारात तर दुकान चालविणाऱ्या बाईस गिऱ्हाइके ‘मामा’ म्हणतात (मराठी वाचकास याची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही), नेहमीच्या गिऱ्हाइकाची बाटली त्याच्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेविली जाते, आणि सगळा धंदा ओळखीवर चालतो. अनेक मद्यगृहांत बसल्याबरोबर ‘ओतोशी’ म्हणून एक लहानशी बशी न मागताच पुढे येते व तिचे पैसे बिलात लागतात. ती बसण्याची आकारणी आहे हे तेथील माणसास सांगावे लागत नाही. नवख्या परकीयास मात्र आपण फसविले गेलो असे वाटते, आवाज चढतात, आणि शेजारी बसलेली नेहमीची गिऱ्हाइके उठून जातात. आठ जणांच्या खोलीत एका माणसाच्या आरडाओरडीची किंमत मोठ्या सभागृहातील आरडाओरडीहून किती तरी अधिक असते. दुकानदारिणीची भीती या अर्थाने खरी आहे. तिने त्या भीतीवर योजलेला उपाय योग्य आहे काय, हा प्रश्न वेगळा.

परकीयांचे रात्रीचे वर्तन हा प्रश्न जपानमध्ये केवळ प्रवाशांमुळे उद्भवला असेही नाही. ओकिनावा बेटे १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती. त्या काळी अमेरिकी सैनिकांना ज्या मद्यगृहांत जाण्याची मुभा असे त्यांच्यावर लष्कराने मान्यतेचे ‘ए’ हे चिन्ह दिलेले असे, आणि नापसंत ठिकाणी जाण्यास सैनिकांना बंदी केली म्हणजे तेथील धंदा बसत असे. म्हणजे कोणत्या दारातून कोणी जावे हे येथे परकीयच ठरवीत होता. इतकेच नव्हे, कोझा या गावी गोऱ्या सैनिकांची रात्रीची वस्ती वेगळी आणि काळ्या सैनिकांची तेरुया भागातील वस्ती वेगळी अशी वाटणी पडली होती. अमेरिकेतील वर्णभेद सैनिकांबरोबर समुद्र ओलांडून आला आणि परक्या गावाच्या मद्यगृहांतही त्याने आपली पंगत वेगळी मांडली. २० डिसेंबर १९७० च्या पहाटे एका मोटार अपघातानंतर याच गावी लोकांनी अमेरिकनांच्या गाड्या जाळल्या. त्या दंग्यामागे अशा अनेक वर्षांचा साठलेला संताप होता. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन अमेरिकी खलाशांना ओकिनावात बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा लष्कराने जपानमधील आपल्या सर्व सैनिकांवर रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत संचारबंदी घातली. ज्याच्या हाताखाली ती माणसे आहेत त्याने त्यांना आवरावयाचे, ही एक पद्धत झाली. साध्या परदेशस्थ नोकरदारास किंवा विद्यार्थ्यास असा कोणी वरिष्ठ नसतो. त्याच्या बाबतीत आवरण्याचे काम दुकानदार स्वतःकडे घेतो, आणि ते करावयाची सोपी रीत म्हणजे दारावर पाटी लावणे.

या पाटीमागील युक्तिवादाची खरी परीक्षा झाली ती मद्यगृहाच्या नव्हे तर स्नानगृहाच्या बाबतीत. परंतु युक्तिवाद तोच होता. होक्काइदो बेटावरील ओतारू बंदरात १९९० नंतरच्या दशकात रशियन जहाजांची ये-जा पुष्कळ वाढली. मद्य पिऊन आलेले खलाशी न्हाण्याचे नियम पाळीत नाहीत, त्यामुळे जपानी गिऱ्हाइके येईनाशी होतात, अशी तेथील चालकांची तक्रार होती. १९९८ साली उघडलेल्या युनोहाना या उष्णोदकाच्या स्नानगृहाने प्रारंभापासूनच ‘केवळ जपानी’ अशी पाटी लावली. सप्टेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये स्थायिक झालेले काही परकीय आपल्या कुटुंबांसह तेथे गेले. गोऱ्या पुरुषांना नकार मिळाला. त्यांच्याबरोबरची एक चिनी स्त्री मात्र चेहऱ्यावरून जपानी समजली गेली आणि तिला प्रवेश मिळाला. या पुरुषांपैकी एकाने पुढील वर्षी जपानी नागरिकत्व घेतले व तो पुन्हा गेला. त्याची कागदपत्रे चालकाने अमान्य केली नाहीत, पण गिऱ्हाइकांना तो जपानी वाटणार नाही या सबबीवर त्याला पुन्हा परतविण्यात आले. पाटीवर राष्ट्रीयत्व लिहिले होते, पारख मात्र चेहऱ्याची होत होती, हे या दोन प्रसंगांनी जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही प्रश्नावलीने झाले नसते.

फेब्रुवारी २००१ मध्ये तिघांनी दावा लावला. ११ नोव्हेंबर २००२ रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने स्नानगृहास प्रत्येकी १० लक्ष येन भरपाई देण्यास सांगितले. निकालातील महत्त्वाचा भाग भरपाईचा नव्हे. खलाशांच्या वर्तनाचा उपद्रव होता ही गोष्ट न्यायालयाने नाकारली नाही. परंतु जो नियम मोडील त्यास समज द्यावी, न ऐकेल तर त्यास बाहेर काढावे, मद्य प्यालेल्यास आत घेऊ नये, हे मार्ग मोकळे असता सरसकट सर्व परकीयांना नाकारणे हा समाजमान्य मर्यादेबाहेरचा भेदभाव होय, असे त्याने ठरविले. सुक्याबरोबर ओले जळते ही म्हण आपण नाइलाजाची गोष्ट म्हणून सांगतो. न्यायालयाने सुके व ओले निवडण्याचे ओझे दुकानदारावर टाकले. ओतारू नगरपालिकेवरील दावा मात्र फेटाळला गेला. उच्च न्यायालयाने २००४ साली हाच निर्णय कायम केला व २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील अमान्य केले.

असा निकाल होऊनही पाट्या नाहीशा झाल्या नाहीत. कारण जपानमध्ये खाजगी व्यवहारातील वंशभेदास मनाई करणारा सर्वसाधारण कायदाच नाही. जपानी राज्यघटनेच्या १४ व्या कलमात समतेचा अधिकार ‘कोकुमिन’ म्हणजे राष्ट्राचे नागरिक यांना दिला आहे. तो परकीयांनाही लागू पडतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली म्हटले, तरी दुकानदाराविरुद्ध दाद मागावयाची ती दिवाणी संहितेतील नुकसानीच्या कलमाखाली, स्वखर्चाने आणि एकेकट्याने. २०१६ चा द्वेषमूलक वक्तव्यांविषयीचा कायदा आहे, पण त्यात शिक्षा नाही आणि प्रवेशबंदीस तो लागूही पडत नाही. शिवाय आता ‘केवळ जपानी’ असे उघडपणे लिहिण्याची गरजही नसते. ‘सभासदांसाठी’ अशी पाटी पुरते. सभासदांची यादी कोणी पाहावयास मागत नाही.

या पळवाटेचा इतिहास इंग्लंडमध्ये पाहावयास मिळतो. तेथील १९६५ च्या पहिल्या वंशसंबंध कायद्याने हॉटेले, पब, नाटकगृहे, नृत्यगृहे अशा सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद अवैध ठरविला. नोकरी व घर यांच्या आधी पब कायद्याच्या कक्षेत आला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तथापि सभासदांचे क्लब सुटले. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठानेही क्लबांच्या बाजूनेच कौल दिला, आणि २५ किंवा त्याहून अधिक सभासदांच्या क्लबांना बांधून घेण्यास १९७६ चा कायदा यावा लागला. पुराव्याची अडचण त्यानंतरही उरतेच. पोशाख बरोबर नाही, जागा नाही, आज खाजगी समारंभ आहे, ही कारणे खोटी कशी ठरवावयाची? फ्रान्समध्ये यावर एक साधी युक्ती निघाली : सारख्याच वेशातील दोन जोड्या, एक गोरी व एक अरब किंवा आफ्रिकी वंशाची, एकामागून एक त्याच नृत्यगृहाच्या दारी पाठवावयाच्या. अशा चाचणीचा पुरावा फौजदारी खटल्यात ग्राह्य आहे असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले आणि २००६ साली कायद्यानेही त्यास मान्यता दिली. जपानमध्ये या दोहोंपैकी एकही साधन कायद्याने दिलेले नाही.

आपल्या राज्यघटनेने ही बाब १९५० सालीच पाहिली होती. १५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ते बंधन केवळ सरकारवर नाही. ते अस्पृश्यतेच्या अनुभवातून आले, परकीयांच्या चिंतेतून नव्हे. म्हणून त्याची भाषाही ‘कोणत्याही नागरिकास’ अशी आहे. २०१४ साली बंगळुरातील जपानी पाहुण्यांपुरते चालविलेले एक हॉटेल भारतीयांना प्रवेश नाकारल्याच्या तक्रारींनंतर महानगरपालिकेने बंद करविले. तेथे नाकारले गेलेले नागरिक होते. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यास एखाद्या क्लबाच्या दारावरून परतविले, तर या खंडाचा आधार त्याला घेता येणार नाही. चौदावे कलम ‘कोणत्याही व्यक्तीस’ समता देते, पण ते राज्याविरुद्ध, क्लबाच्या मालकाविरुद्ध नव्हे. ओतारूचे तीन वादी आपल्याकडे आले असते, तर त्यांपैकी नागरिकत्व घेतलेल्या एकास या खंडाखाली दाद मागता आली असती. उरलेले दोघे, एक जर्मन आणि एक अमेरिकन, दाराबाहेरच राहिले असते.