वार्धक्यातील विसर आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे : गोठा, परसबाग व ताट यांचा संबंध

घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागते. पेंडीचे पैसे चुकते केले की नाही, हे तिला आठवत नाही. वर्षानुवर्षे पायाखालच्या असलेल्या बांधावरून जाताना तिचा तोल जातो. अशा वेळी ‘आता वय झाले’ एवढे म्हणून कुटुंब विषय संपवते. बहुतेक वेळा हा विसर खरोखरच वयाचा असतो, तर काही वेळा तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ असतो. मात्र काही वृद्धांमध्ये त्यामागे जीवनसत्त्व ब-१२ ची दीर्घकाळची कमतरता असते. ही कमतरता साध्या रक्ततपासणीने कळते आणि वेळीच उपचार झाल्यास बरीच भरूनही निघते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. म्हणूनच ग्रामीण कुटुंबांशी नित्य संपर्क असणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतात ६० वर्षे व त्यावरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासातून पुढे आला. हे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

होमोसिस्टीन : शरीराने दिलेला इशारा

आहारातील प्रथिनांपासून मिळणाऱ्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचा वापर होताना शरीरात होमोसिस्टीन हा पदार्थ तयार होतो. त्याचे पुन्हा मेथिओनिनमध्ये रूपांतर करण्यासाठी ब-१२ आणि फोलेट या दोहोंची गरज असते. दुसऱ्या मार्गाने त्याची विल्हेवाट लावण्यासाठी ब-६ लागते. यांपैकी एकाची जरी उणीव पडली, तरी होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. प्रति लिटर १५ मायक्रोमोलपेक्षा अधिक पातळी सर्वसाधारणपणे वाढलेली समजली जाते. अशी पातळी रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास अपायकारक ठरते, आणि मेंदूचे आरोग्य रक्तवाहिन्यांच्या आरोग्यावर फार अवलंबून असते. शिवाय मज्जातंतूंवरील संरक्षक आवरण टिकवण्यासही ब-१२ आवश्यक असते.

संशोधनाचा कौल

अमेरिकेतील फ्रामिंगहॅम येथील १,०९२ वृद्धांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची होमोसिस्टीन पातळी १४ पेक्षा अधिक होती, त्यांच्यात अल्झायमरचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. पुढे ऑक्सफर्ड येथे सौम्य विस्मरण असलेल्या ७० वर्षांवरील व्यक्तींना दोन वर्षे दररोज फोलिक आम्ल, ब-१२ व ब-६ देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उपचार न मिळालेल्यांचा मेंदू वर्षाला १.०८ टक्के आक्रसला, तर उपचार मिळालेल्यांचा ०.७६ टक्के. ज्यांचे होमोसिस्टीन आरंभीच जास्त होते, त्यांना लाभ अधिक झाला.

यावरून ‘गोळ्या घ्या आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. नेदरलँड्समध्ये २,९१९ वृद्धांवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात होमोसिस्टीन घटले, पण बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. सुमारे २२,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या ११ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये झाले, त्यातही हेच दिसले. या दोन बाजूंचा मेळ घालताना शेतीतला दाखला उपयोगी पडतो. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत झिंक सल्फेट दिल्यास पीक प्रतिसाद देते. पुरेसे जस्त असलेल्या जमिनीत तेच खत वाया जाते. माती परीक्षणाशिवाय खत नको, हे आपण सांगतो. रक्ततपासणीशिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या नकोत, हेही त्याच न्यायाने सांगावे लागेल.

आपल्याकडील कमतरता किती?

कमतरता नसलेल्या देशांतील निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, ६७ टक्के व्यक्तींमध्ये ब-१२ कमी आढळले आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले होते. शहरी मध्यमवर्गात ब-१२ कमी असलेल्यांचे प्रमाण तर ८१ टक्के होते. आज ती पिढी वार्धक्यात पोहोचली आहे किंवा पोहोचत आहे, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

ब-१२ चा उगम गोठ्यात

कोणतीही वनस्पती वा प्राणी ब-१२ स्वतः तयार करू शकत नाही. ते काम केवळ सूक्ष्मजीवांचे. गाय, म्हैस, शेळी यांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव हे जीवनसत्त्व बनवतात आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागते. चाऱ्यात कोबाल्ट अत्यल्प असल्यास जनावर खंगते, हे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मेंढ्यांच्या अभ्यासातून १९३० च्या दशकात स्पष्ट झाले. आज आपण जनावरांना देत असलेल्या खनिज मिश्रणात कोबाल्ट असण्याचे कारण हेच.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला अवघे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. २०० मिलिलिटर गाईच्या दुधातून साधारण पाऊण ते एक मायक्रोग्रॅम मिळते, एका अंड्यातून सुमारे अर्धा. मासळी आणि मटण हे त्याहून समृद्ध स्रोत असून शेळीची कलेजी सर्वांत सरस. शाकाहारी वृद्धांसाठी दूध, दही व ताक हेच प्रमुख आधार. दूध पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ उकळल्याने या जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, म्हणून एक उकळी पुरेशी मानावी.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. अनेक घरांत सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर जाते आणि आजी-आजोबांच्या वाट्याला चहातले चार चमचे दूध उरते. दुधाचा हिशेब मांडताना घरातील प्रत्येक वृद्धासाठी दोन पेले दूध किंवा तेवढे दही बाजूला ठेवूनच विक्रीचा आकडा धरावा.

समुद्री शेवाळ, स्पिरुलिना किंवा आंबवलेले पदार्थ ब-१२ चे भरवशाचे स्रोत नाहीत. स्पिरुलिनातील बराचसा अंश मानवी शरीराला निरुपयोगी असलेल्या रूपात असतो. पोषणवर्धित तांदळात मानकानुसार प्रतिकिलो ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम मिळते. ही मदत आहे, पर्याय नव्हे.

फोलेट परसबागेत, ब-६ शेतात

फोलेटच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. तेथील गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना लुसी विल्स या वैद्यक संशोधिकेला यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो असे दिसले; तिचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून हा घटक वेगळा करण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नामकरण झाले.

पालक, मेथी, चवळईसारख्या पालेभाज्या तसेच हरभरा, मूग, चवळी ही कडधान्ये फोलेटने समृद्ध असतात. ते पाण्यात विरघळते व उष्णतेने घटते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, थोडक्या पाण्यात शिजवावी आणि शिजवलेले पाणी फेकू नये. ब-६ केळी, शेंगदाणे, हरभरा व अखंड धान्यांतून मिळते.

आहार पुरेसा असूनही कमतरता का?

अन्नातील ब-१२ प्रथिनांना जोडलेले असते. ते सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि शोषणासाठी जठरातच तयार होणारा एक विशेष घटक लागतो. वयानुसार अनेकांचे जठर दुर्बल होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही शोषण घटते. मात्र ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांकडे ब-१२ तपासणीची विचारणा करावी. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव हळूहळू, नकळत वाढते.

आणखी एक धोका लक्षात ठेवावा. ब-१२ कमी असताना केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून सुरूच राहते. रक्त सुधारलेले पाहून सारे निर्धास्त होतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

* पायांत मुंग्या वा जळजळ, चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, थकवा, उदासी आणि नव्याने वाढलेला विसर ही लक्षणे एकत्र दिसल्यास त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.
* काटेकोर शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारे व जठराची शस्त्रक्रिया झालेले वृद्ध यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.
* गोळी की इंजेक्शन, हा निर्णय डॉक्टरांचा. दुकानातून परस्पर औषध घेण्यास उत्तेजन देऊ नये.
* परसबागेच्या प्रात्यक्षिकात वर्षभर पालेभाजी मिळेल असे पेरणीचे नियोजन द्यावे. पशुपालन मेळाव्यात खनिज मिश्रणाबरोबर घरच्या दुधाचाही विषय घ्यावा.
* रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कमी ऐकू येणे व एकटेपणा हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे घटक आहेत, हे सोबत सांगावे.

जीवनसत्त्वे हा स्मृतिभ्रंशावरील रामबाण उपाय नव्हे. परंतु भरून निघू शकणारी उणीव ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली झाकली जाऊ नये, एवढी दक्षता आपण निश्चित घेऊ शकतो. ज्या हातांनी आयुष्यभर गोठा सांभाळला, त्यांच्या पेल्यात त्या गोठ्यातील दूध पोहोचावे, हा त्या दक्षतेचा पहिला टप्पा होय.