‘ए.इं. ७’ कुठे शोधायचं?

सकाळी ६. नांदेड. चहाबरोबर एका प्रबंधाचं प्रकरण वाचायला घेतलं. विद्यार्थिनी लातूरची, विषय लातूरचा प्राचीन इतिहास. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर, असं अनेक अभ्यासक मानतात. या बिरुदासाठी तिने दोन शिलालेखांचा आधार दिलाय : ‘इं.अँ. १२’ आणि ‘ए.इं. ७’. दोन्हींखाली पेन्सिलने रेघ ओढली.

७.३०. लातूरची एस.टी. मिळाली. लोहा, अहमदपूर मागे पडेपर्यंत मोबाइलवर दोन्ही खंड चाळून झाले. हे जुने खंड आता घरबसल्या उघडता येतात. मराठवाड्यातल्या संशोधकाला याचं मोल फार आहे.

११. लातूर.

“सर, दोन्ही संदर्भ एका पुस्तकाच्या तळटीपेत होते.”

“मूळ खंड उघडलास का?”

तिने मान हलवली. मग आम्ही दोन्ही शेजारी शेजारी लावले. ‘इं.अँ.’ म्हणजे इंडियन अँटिक्वेरी, १८७२ साली सुरू झालेलं नियतकालिक. ‘ए.इं.’ म्हणजे एपिग्राफिया इंडिका. दोन्हीकडे लेख एकच निघाला : कर्नाटकातल्या शिरूरचा, अमोघवर्ष पहिला याच्या काळातला, इ.स. ८६६चा. पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने तो आधी एकीकडे छापला, नंतर दुसरीकडे पुन्हा संपादित केला.

“म्हणजे माझा एक पुरावा गेला?”

“होताच एक. नंतरचं वाचन आधाराला घे, आणि आधीच्याचा उल्लेख ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून कर.”

ती जरा हिरमुसली. पण प्रकरणाला बळकटी इथेच आली, असं मला मनापासून वाटतं.

१. जेवण.

२. संक्षेपसूची करायला बसलो. ‘कॉ.इं.इं.’ म्हणजे कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम. ते लिहिताना खंड सांगावाच लागतो, कारण एकेक खंड एकेका विषयाला वाहिलेला आहे. पाचवा वाकाटकांचा, मिराशींनी संपादित केलेला, १९६३चा. जुन्या पुस्तकांत खंडाचे आकडे रोमन असतात. नऊ आणि अकरा यांत तीच दोन अक्षरं उलटसुलट होतात, म्हणून ते दोनदा पाहायचे. ‘तत्रैव’ तर टंकलेखनाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत वापरूच नये. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं.

सगळ्यात जास्त वेळ ‘म.भा. ६.२५’ने खाल्ला. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत भीष्मपर्वातली गीता २३व्या अध्यायापासून सुरू होते, नीलकंठी टीकेच्या प्रचलित पाठात २५व्यापासून. एकच आकडा, पण एका आवृत्तीत गीतेचा तिसरा अध्याय, दुसरीत पहिला. आवृत्ती न सांगता दिलेला हा संदर्भ निरुपयोगी आहे.

५. परतीची एस.टी.

रात्री ९. नांदेड. नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं रित्ती आणि शेळके यांचं १९६८चं पुस्तक टेबलावर घेतलं. माझ्या यादीत त्याला ‘नां.शि.’ असं लिहिलं. पुढे पूर्ण नाव, संपादक, वर्ष.

मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे : पहिलं प्रकरण वाचण्याआधी विद्यार्थ्याकडे संक्षेपसूची मागा, आणि त्यातले काही संदर्भ तुमच्यासमोर मूळ ग्रंथात उघडून दाखवायला सांगा.