व्यायलेली गाय आणि संप्रेरकांचे उपचार

भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांतून मीरा-भाईंदर हे शहर वाढले. २००२ साली तेथे महानगरपालिका झाली. अशा दाट वस्तीत गाय पाळायची म्हणजे चारा विकतचा आणि जागा महागडी. भाकड जनावर पोसणे मालकाला जड जाते. मुंबईच्या तबेल्यांत जुनी रीत हीच होती : ताजी व्यायलेली म्हैस आणावी, आटली की विकून टाकावी, पुष्कळदा ती कसायाकडेच जाई. तबेल्यांतील जनावरे शहराबाहेर नेण्यासाठी गोरेगावजवळ १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. जनावर वेळेवर पुन्हा गाभण राहण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो, तो असा.

दोन वेतांत तेरा महिन्यांचे अंतर ठेवावयाचे, तर सुमारे २८० दिवसांचे गाभणपण वजा जाता गाय व्याल्यापासून ११५ दिवसांच्या आत फळली पाहिजे. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे चाळीस दिवस लागतात. रेतन सामान्यतः साठ दिवसांनंतर करतात. माज २१ दिवसांनी येतो. म्हणजे हाती माज उरतात दोन किंवा तीन. सिमेंटच्या फरशीवर दिवसरात्र बांधलेल्या गायीचा माज कळणेही कठीण. म्हशीचा तर बहुधा मुकाच.

येथे संप्रेरके उपयोगी पडतात. माजानंतर बीजांडकोशावर पीतपिंड तयार होतो आणि त्याच्या स्रावामुळे पुढचा माज थोपून राहतो. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन हा पिंड विरघळविते आणि दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. पिंडच नसेल तर इंजेक्शन वाया जाते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पहिल्या दिवशी बीजमोचक संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बीजमोचक संप्रेरक देतात व १६ ते २० तासांनी रेतन करतात. माज ओळखण्याची गरज उरत नाही. मुळीच माजावर न येणाऱ्या गायीस प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन योनीमार्गात सुमारे आठवडाभर ठेवतात.

तथापि व्याल्यावर गाय जेवढे खाते त्याहून अधिक शक्ती दुधावाटे देते. ती खंगली असेल, क्षार-खनिजांची उणीव असेल किंवा वार अडकून गर्भाशयात पू झाला असेल, तर आधी खुराक व उपचार हवेत. सुईने ते काम होत नाही. गाभण गायीला प्रोस्टाग्लँडिन टोचल्यास ती गाभडते. म्हणून पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी आधी झालीच पाहिजे. गर्भवती स्त्रिया व दमेकरी यांनी हे औषध हाताळू नये.

पान्हा सोडविण्यासाठी काही गोठ्यांत ऑक्सिटोसिन टोचतात, त्याची गणना या उपचारांत करू नये. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १२ अन्वये गुन्हा आहे.