हिरड्या मागें हटतात तेव्हां

सुश्रुतसंहितेंत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. हिरड्या झडून थुंकींतून रक्त पडणें हा त्यांतील ‘परिदर’ होय. रोग असा पुरातन. पण ‘उतारवयांत हें व्हावयाचेंच’ म्हणून तो सोसणें शहाणपणाचें नव्हे. दांतांवर चढलेलें कीट, ब्रशाचें आडवें व जोराचें घर्षण, मशेरी व तंबाखू यांनीं हिरडी मागें सरते. एकदां सरलेली हिरडी कोणत्याहि मंजनानें पुनः वाढत नाहीं.

तथापि प्रत्येकास शस्त्रक्रिया लागतेच असें नाहीं. आधीं दंतवैद्याकडून हिरडीखालचें कीट काढवावें, मऊ ब्रश धरावा व मशेरी सोडावी. एवढें करूनहि हिरडी हटतच राहिली, किंवा उघड्या मुळाची ठणक थांबली नाहीं, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

तिचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत जवळचीच हिरडी सैल करून मुळावर ओढतात व टाके घालतात. दुसऱ्यांत टाळूच्या त्वचेखालील पातळ थर काढून त्याचें कलम त्या ओढलेल्या हिरडीखालीं बसवितात. मूळ झांकण्यास हा प्रकार विशेष भरंवशाचा मानतात. तिसऱ्यांत टाळूच्या वरच्या त्वचेसह तुकडा लावतात. त्यानें पातळ हिरडी जाड होते, परंतु रंग किंचित् निराळा दिसतो. हें सर्व जागा बधिर करून होतें. टाळूची जखम टाळण्यासाठीं तयार पडदेहि मिळतात. ते पुष्कळदां डुकराच्या वा गाईच्या शरीरांतून केलेले असतात. ज्यांस हें वर्ज्य असेल त्यांनीं आधींच विचारावें.

मुख्य गोष्ट ही कीं, यश शेजारच्या दोन दांतांमधील हाडावर अवलंबून असतें. तें शाबूत असेल तर मूळ पूर्ण झांकलें जाण्याची आशा असते; तें बरेंच झिजलें असेल तर निष्णात हातहि थोडेंच साधतो. म्हणून विलंब हाच खरा शत्रु.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत राहाता तालुक्यांतील लोणी येथें व संगमनेराजवळ घुलेवाडीस दंतमहाविद्यालयें आहेत. तेथें हिरड्यांची तपासणी करून घेतां येते. एकत्र कुटुंबांतील गृहिणी सर्वांचें पथ्यपाणी सांभाळते, आणि आपल्या हिरडीचें रक्त मात्र चूळ भरून टाकून देते. घरच्या कर्त्या मंडळींनीं तिला आपण होऊन विचारावें, आणि हाड शाबूत आहे तोंच दंतवैद्याकडे न्यावें.