विश्लेषण : फुलझाडे लावली, तरी फुलपाखरे का टिकत नाहीत?

फुलपाखरू उद्यान म्हटले की हिरवळ आणि रंगीत फुलांचे ताटवे डोळ्यांसमोर येतात. मात्र छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडीसारख्या कोरड्या हवेच्या भागात अनेक फुलपाखरांची पैदास रुई, घोळ, बाभूळ अशा दुर्लक्षित वनस्पतींवर होते. स्थानिक फुलपाखरे वाचवायची तर आधी काय वाचवावे लागेल?

फुलांखेरीज काय लागते?

मधासाठी फुलपाखरू अनेक फुलांवर जाते. अंडी मात्र मादी ठरावीक वनस्पतीवरच घालते, कारण तिची अळी सहसा दुसरे पान खात नाही. ‘बिबळ्या कडवा’ हे केशरी फुलपाखरू रुईवर वाढते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या अंगात साठतात, म्हणून पक्षी या फुलपाखराला टाळतात. ‘डॅनाइड एगफ्लाय’ची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि पक्ष्यांना चकवते. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. म्हणजे रुई उपटली, तर घोळीवर वाढणाऱ्या फुलपाखराचे संरक्षणही दुबळे होते. लिंबाळी व बहुरूपी यांना लिंबू, कढीपत्ता चालतो, तर चिमुकल्या ‘बाबूल ब्लू’ला बाभूळ लागते.

मुकुंदवाडीत प्रश्न काय?

एकेकाळचे हे गाव आज जालना रस्ता, रेल्वे स्थानक आणि सिडकोच्या वसाहतींमध्ये सामावले आहे. अशा वस्तीत रुळांच्या कडेची पट्टी, मोकळे भूखंड आणि कुंपणाची झुडपे हेच फुलपाखरांचे घर असते. भूखंडावर इमारत उभी राहिली किंवा ‘स्वच्छता’ म्हणून जेसीबी फिरला, की खाद्यवनस्पतीबरोबर अंडी, अळ्या आणि कोषही जातात. त्या जागी पेव्हर ब्लॉक, विदेशी गवत आणि शोभेची झाडे आली, तर फुलपाखरे मधासाठी येतील. पण पुढची पिढी वाढवू शकणार नाहीत.

‘स्थानिक रूप’ म्हणजे काय?

एकाच प्रजातीची फुलपाखरे वेगवेगळ्या भागांत दीर्घकाळ अलग राहिली, की रंग, आकार, सवयी बदलू शकतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘नीलवंत’ म्हणजेच ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू घोषित केले. असा निर्णय घेणारे हे देशातील पहिले राज्य. भारतातील नीलवंत आणि श्रीलंकेतील त्याचा भाऊबंद यांच्या पंखांवरील निळाई सारखी नाही. पण नीलवंत मुख्यतः दमट जंगलाचा रहिवासी. कोरड्या पठाराची ओळख सांगणारी फुलपाखरे निराळी. त्यांतले ‘पायोनियर’ वाघाटीच्या कुळातील वनस्पतींवर वाढते. हीच वाघाटी अनेक घरांत आषाढी द्वादशीला उपवास सोडताना ताटात असते.

बाहेरून आणून सोडली तर?

इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. तेथील ‘लार्ज कॉपर’चे स्थानिक रूप दलदली शेतीसाठी कोरड्या केल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नष्ट झाले. १९२७ मध्ये नेदरलँड्समधील रूप आणून सोडले गेले. अनेक दशके प्रयत्न होऊनही ते कायमचे रुजले नाही. याउलट १९७९ मध्ये तेथून नाहीसे झालेले ‘लार्ज ब्लू’ स्वीडनमधून आणल्यावर टिकले, कारण आधी त्याचा अधिवास दुरुस्त झाला. त्याच्या अळ्या एका जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात वाढतात. चराई थांबल्याने गवत उंच वाढले, जमीन थंड पडली आणि त्या मुंग्या घटल्या, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले होते. म्हणजे नुसते कुंपण घालूनही भागत नाही.

काय करता येईल?

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे अपेक्षित आहे. तिच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार होते. कोणत्या भूखंडावर, कोणत्या झुडपावर कोणती अळी वाढते, याची नोंद त्यात झाली, तर उद्यान किंवा रस्ता आखताना ती जागा राखता येईल. नागरिकांना ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळांवर छायाचित्रासह नोंद देता येते. दरवर्षी सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ पाळला जातो. पावसाळ्याच्या अखेरचा हा काळ मोजणीस सोयीचा.

घरच्या पातळीवर कढीपत्त्यावरील अळी दिसताच फवारणी न करणे, कुंपणाला वाघाटीचा वेल राखणे आणि संकुलाचा एक कोपरा वर्षभर न खुरपणे एवढेही उपयोगी ठरते. त्यासाठी रोपवाटिकेचा खर्च नाही. फक्त तण समजून उपटण्याआधी पान उलटून पाहावे लागेल.