अपराध आणि शासन

नियम मोडणारास शासन व्हावें, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु तें अपराधाच्या मानानें असावें. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल चालविणाऱ्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’नें २०१४ सालीं जॉश गॉर्डन या खेळाडूस गांजासेवनाबद्दल संबंध हंगामाची, म्हणजे १६ सामन्यांची बंदी केली. त्याचा हा पहिलाच अपराध नव्हता, हें खरें. तथापि त्याच वर्षीं आपल्या वाग्दत्त वधूस मारहाण करणाऱ्या रे राइस यास प्रथम दोनच सामन्यांची बंदी झाली होती! पुढें नियम सौम्य होऊन गॉर्डनची बंदी १० सामन्यांवर आली. गांजाचा अंश चाचणींत सांपडल्यास बंदी करण्याची चाल २०२० सालच्या करारानें बंद झाली. दंड मात्र राहिला. विद्यार्थिमित्रहो, व्यसन वाईटच. पण दुसऱ्यास केलेली इजा त्याहून वाईट. हा भेद ज्या तराजूस कळत नाहीं, तो न्यायाचा तराजू नव्हे.